चौथा बाण

बस जरा. निघशील, तुला कोण अडवतंय. पाऊस कसा आडवातिडवा लागलाय बघ, दिवे गेलेत, आणि तुला आत्ताच्या आत्ता निघायचंय. घरी बायको ताटकळलीय का? लग्न व्हायचंय अजून तुझं. मग बस. तू पण बस गं, आणि ती मेणबत्ती जरा बाजूला सरकव, थेट डोळ्यांवर येतेय माझ्या.

मघाशी खिडकीतून गाडी बघितली तुझी. चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलंय मी, माझी नजर आधी पत्र्यावर जाते. कुठे पोचा आलाय, कुठे रंग उडालाय. आज पहिल्यांदा आधी टायरकडे गेली. सेमी-स्लिक घातलेस ना? हसतोय बघा कसा. म्हणजे घातलेत.

"काका, रस्त्यावर चालतात ते," असं म्हणू नकोस. चालतात, मला ठाऊक आहे. कंपनीचा तसा शिक्का असतो त्यांच्यावर. शर्यतीचेच टायर ते, नावाला चार खाचा ठेवलेले. रबर मऊ. कोरड्या रस्त्यावर असे चिकटतात की वळणावर गाडी जागची ढळत नाही. पण राजे, खाचा असतात कशासाठी? पाणी बाहेर टाकायला. खाचाच नाहीत तर पाणी जाणार कुठे? टायरखालीच राहतं. मग गाडी रस्त्यावर नसते, पाण्यावर असते. स्टिअरिंग हातात राहतं, पण नुसतं हातातच.

हे मला शेजारच्या टायरवाल्याने शिकवलं, खडू म्हणायचे त्याला. त्याचीच गोष्ट सांगतो. ऐकीव नाही, त्याच्यासोबत घडलेली आहे, आणि शेवट तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. ऐकून घे, मग जायचं तर जा.

माझ्या शेडला लागून त्याचं टायरचं शेड. त्याला खडू म्हणायचे कारण त्याच्या कानावर कायम खडू खोचलेला. दाढी करतानासुद्धा असेल, मी काही बघायला गेलो नाही. स्वभावाने तिरसट. गिऱ्हाईकाने टायरमध्ये हवा कमी ठेवली तर असा बोलायचा की त्या माणसाला वाटावं आपण कुणाचा तरी खून केलाय. पण हात सोन्याचा. लांबलांबून लोक यायचे.

त्याला एकच मुलगी. आई लवकर गेलेली. पोरगी त्या शेडमध्येच वाढली म्हणा ना. शाळेचा अभ्यास टायरच्या थप्पीवर बसून. पुढे बापासोबत काम करायला लागली, आणि पुढे गाडी पळवायला. हो, शर्यतीत. छोटीशी गाडी होती तिची, दुसऱ्या कुणाची तरी ठोकलेली. पत्रा मी सरळ करून दिला, रंगही मीच मारला. पिवळा. मला म्हणाली, "काका, लांबून दिसला पाहिजे, बाबांना चष्मा लागलाय." सुट्टीच्या दिवशी धावपट्टीवर जायची आणि घड्याळ लावून पळवायची. बाप तोंडाने शिव्या घालायचा आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाला तिचे आकडे सांगायचा.

आता त्यांच्या कामाची एक पद्धत होती, ती नीट ऐका. काही टायरना दिशा असते. बाजूवर एक बारीक बाण उठवलेला असतो, काळ्यावर काळा, सहज दिसत नाही. बाण पुढे असेल तर खाचा पाणी बाहेर फेकतात. तोच टायर उलटा चढवला, बाण मागे गेला, तर त्याच खाचा पाणी आत गोळा करतात. कोरड्यात काही कळत नाही. पावसात कळतं. टायरवाल्याची ही चूक दुसऱ्या कुणाला दिसतही नाही, कारण चाक तर छान बसलेलं असतं.

म्हणून खडूने भिंतीला एक पाटी लावली होती. शाळेची असते तशीच, थोडी मोठी. तिच्यावर रंगाने वरून दिसणारी गाडी काढलेली आणि चार चाकांचे चार गोल. चाक ज्याने चढवलं त्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने विचारायचं, "बाण?" चढवणाऱ्याने वाकायचं, त्या बाणावर हात ठेवायचा आणि सांगायचं, "पुढे." मग विचारणाऱ्याने पाटीवरच्या गोलात खडूने बाण काढायचा. चार गोलांत चार बाण झाले की गाडी बाहेर. मग पाटी पुसायची. दिवसभर शेजारून माझ्या कानावर तेच. बाण? पुढे. बाण? पुढे. मला झोपेत ऐकू यायचं. पोरीच्या बाणाची एक खूण होती, शेपटीला एक उलटा आकडा काढायची, गळासारखा. बापाचा बाण साधा.

सहा-सात वर्षं चाललं असं. आणि मग भांडण झालं.

पोरगी म्हणाली, मी दुसऱ्या शहरात जाते. तिथला शर्यतीचा संघ तिला घेत होता, टायरचं काम बघायला आणि गाडी चालवायला, दोन्हीला. यापेक्षा चांगलं काय असणार? पण बापाला ती जायला नको होती. तसं सरळ सांगायचं सोडून तो टायरवर घसरला. नेहमी ती साधे टायर घालून जायची, सेमी-स्लिक मागच्या सीटवर टाकून न्यायची, धावपट्टीवर बदलायची आणि परत येताना पुन्हा साधे. त्या वेळी तिला तिकडे संघाला भेटून गाडी पळवून दाखवायची होती, वेळ कमी होता. म्हणाली, इथूनच सेमी-स्लिक घालून जाते, त्यावरच परत येते.

"पाऊस आला म्हणजे?" बाप.

"तीन आठवडे थेंब नाही, बाबा. आणि शिक्का आहे की त्यांच्यावर."

"शिक्का काय पाण्यात पोहणार आहे?"

हे मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "जायचंच आहे ना तुला? जा." टायरचं बोलत नव्हता तो, हे मलाही कळलं.

त्यानंतर अबोला. तीन दिवस. एका शेडमध्ये, एका घरात, आणि तोंडातून शब्द नाही. दोघं सारखीच हट्टी.

निघायच्या दिवशी दुपारी चाकं चढवली. तीन तिने. बाप यायचा, ती न बोलता बाणावर हात ठेवायची, तो पाटीवर बाण काढायचा. तीन गोल भरले. चौथा टायर नवा होता, पुढचा डावा. तो त्याने तिच्या हातातून घेतला, रिमवर चढवला, चाक लावलं, नट आवळले. रागात होता. ती पाटीजवळ खडू घेऊन उभी राहिली.

"बाण?" ती म्हणाली.

त्याने पाना पेटीत टाकला.

मी तेव्हा माझ्या दारात होतो, मला ती दिसत होती. चिडलेली नव्हती रे. अबोला मोडायला बघत होती पोरगी. थोडी हसली, आणि परत म्हणाली, "बाबा, बाण?"

त्याने फडक्याला हात पुसले आणि आत निघून गेला.

तुझ्या मनात आलं ते माझ्याही मनात आलं. स्वतः वाकून बघायचं ना. पण उत्तराशिवाय बाण काढायचा नाही, हा नियम होता. आणि शिवाय बाप चुकेल हे तिच्या डोक्यात येणारच नाही. खडू खाली ठेवला तिने. मला हात केला. गेली.

दुसऱ्या दिवशी परत येताना संध्याकाळी पाऊस आला. कुणाच्या ध्यानीमनी नसताना. कालव्याच्या वळणावर पाणी साचलं होतं, फार नाही, घोटाभर. गाडी त्यात शिरली आणि वळलीच नाही. सरळ गेली. कठडा तोडून कालव्याच्या उतारावर.

पिवळा रंग खरंच लांबून दिसत होता.

(ते पाणी दे गं.)

गाडी माझ्या शेडमध्येच आणली, दुसरीकडे कुठे नेणार? खडू आला, आणि त्याने आधी काय केलं असेल? वाकला आणि चाकं बघितली. मागचा उजवा, बाण पुढे. मागचा डावा, पुढे. पुढचा उजवा, पुढे. पुढचा डावा नव्हताच. त्या धडकेत चाक निखळून कालव्यात पडलं होतं आणि कालवा भरून वाहत होता.

म्हणजे त्याने चढवलेलं चाक सरळ होतं की उलटं, हे कळायचं काही साधनच राहिलं नाही. मी त्याला हजारदा सांगितलं. म्हटलं, अरे, बाण पुढे असता तरी त्या टायरवर पाण्यात काय होणार होतं? तो म्हणायचा, "असेलही. पण मला आठवत नाही. डोळे मिटून आठवतो. हात दिसतात माझे, नट दिसतात, बाण दिसत नाही." रोज आठवायचा. जेवताना हात तसाच ताटात राहायचा.

कालव्याचं पाणी उतरल्यावर लांब काठी घेऊन जायला लागला. दर रविवारी. मीही गेलोय कितीदा. काठीला काही लागलं की त्याचा चेहरा बघवत नसे. एकदा बादली निघाली, एकदा खुर्ची निघाली. चाक नाही. ती पाटी त्याने पुसली नाही. तीन बाण आणि एक रिकामा गोल, तशीच भिंतीवर. कामाला दुसरी आणली. पण विचारायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच विचारायचा आणि स्वतःच सांगायचा. शेजारी बसून ते ऐकणं जिवावर यायचं माझ्या.

आता ती रात्र. ऑगस्टची एकोणीस तारीख, शुक्रवार. पोरीला जाऊन अकरा महिने झाले होते. रात्री दहा पन्नासला खडूला फोन आला. दवाखान्यातली नर्स होती, रात्रपाळीला निघालेली. गाडी पंक्चर झालीय, पाना लागत नाहीये, येता का. कुठे आहात? कालव्याच्या वळणावर.

पावसात तो त्या रस्त्याला जात नसे. पण म्हणाला, वॉर्डात माणसं वाट बघत असतील तिची. घरी ठेवलेला जॅक घेतला, पाना घेतला, टॉर्च घेतला, व्हॅन काढली.

पाऊस आजच्यासारखाच. वळणावर नर्सची गाडी कडेला उभी, दिवे लुकलुकत होते. बाई बिचारी भली होती, छत्री घेऊन उतरायला लागली. हा म्हणाला, "तुम्ही आत बसा, काचा वर करा, दोघांनी भिजून काय करायचंय." कोणतं चाक? पुढचं डावं.

त्याला बरं वाटलं नाही. पण काम ते काम. जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली. टॉर्च तोंडात धरलेला. खाली पाणी, घोटाभर. मागे कालव्याचा आवाज. एक नट आवळला. दुसरा आवळला.

मागून कुणीतरी म्हणालं...

"बाण?"

त्याला वाटलं नर्स बोलली. टॉर्च हातात घेतला, काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"काय म्हणालात?"

"मी? काही नाही हो."

काच वर गेली.

तिसरा नट. हात ओले. पाना घसरत होता. पावसाचा आवाज कमी झाला, म्हणजे पाऊस कमी झाला नव्हता. आवाज कमी झाला. मला त्याने असंच सांगितलं.

"बाबा... बाण?"

तसाच आवाज. तसंच थोडं हसू त्यात. पाटीजवळ उभी राहून विचारलं होतं तसंच. पाठीमागे. चार पावलांवर.

तो वळला नाही.

मी नंतर विचारलं, का वळला नाहीस? भीती वाटली? म्हणाला, "भीतीच वाटली. वळलो आणि ती नसली म्हणजे?"

तो तसाच बसून राहिला. पाण्यात. हात चाकावर. मागे कालवा. मागे ती.

बोलायचं होतं. "पुढे" म्हणायचं. एक शब्द. एवढंच म्हणायचं होतं, अकरा महिन्यांपूर्वी, आणि...

पण खोटं कसं बोलणार? तिच्याशी?

पाणी. अंधार. ती थांबलेली.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "मला माहीत नाही. मी बघितलंच नाही... रागात होतो... पोरी, मी बघितलंच नाही."

मागून काही नाही.

मग रडला तो. पोरगी गेली त्या दिवशी रडला नव्हता. नर्सने काच खाली केली तर हा पाण्यात बसून चाकाला कवटाळून रडतोय. ती घाबरली, उतरली, त्याची नाडी बघितली. तिच्या कानावर फक्त ह्याचं "माहीत नाही, माहीत नाही" आलं होतं. उरलेले नट तिने टॉर्च धरला तेव्हा त्याने आवळले. ती म्हणाली, दवाखान्यात चला माझ्याबरोबर. नको म्हणाला. मग ती व्हॅनच्या मागे मागे माझ्या घरापर्यंत आली, हा आत शिरलेला बघितला आणि मग कामावर गेली. तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. घड्याळ माझ्या समोरच होतं.

तुझी काकू तेव्हा होती. तिने टॉवेल दिला, चहा टाकला. तो कप हातात धरून सगळं बोलला. इतका शांत मी त्याला कधी बघितला नव्हता. तिरसटपणा गेला कुठे कोण जाणे. चहा संपवला आणि म्हणाला, "किल्ली घे. शेड उघड."

"आत्ता? कशाला?"

"पाटी पुसायचीय. तिला सांगून झालं माझं. आता ती तशी ठेवण्यात काय अर्थ आहे?"

दोन्ही शेडला मिळून एकच मोठं शटर, आणि किल्ली एकच, ती माझ्याकडे. संध्याकाळी सात वाजता मी स्वतः कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्या खिळ्याला होती. हे नीट लक्षात ठेवा.

गेलो. पाऊस चालूच होता. कुलूप जसंच्या तसं. शटर वर केलं. आत सगळं कोरडं, जमीन कोरडी, टायरच्या थप्प्या कोरड्या. दिवे गेले होते, आजच्यासारखेच. त्याने फडकं ओलं केलं. मी टॉर्च धरला. भिंतीवर मारला.

फडकं त्याच्या हातातून पडलं.

मग त्याने पाटी खिळ्यावरून उतरवली, सदऱ्याच्या आत छातीशी धरली आणि घरी गेला. पुढे चार वर्षं जगला. कालव्यावर पुन्हा कधी गेला नाही. जेवायला लागला. हवा कमी ठेवणाऱ्यांना पुन्हा शिव्या द्यायला लागला. जाताना पाटी माझ्याकडे ठेवून गेला.

मी मात्र अजून विचार करत बसतो. ती पोरगी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. उलट्या चाकाला तिने सात वर्षांत कधी बाण दिला नाही, बाप समोर उभा असला तरी नाही. नियमाची पक्की. पण ती मुलगीही होती ना त्याची. आणि उत्तराशिवाय बाण काढायचा नाही, हा नियम. त्याने दिलेलं उत्तर "पुढे" नव्हतं. "माहीत नाही" होतं. मग ते चाक खरोखर सरळ होतं, म्हणून... की म्हातारा जगावा, म्हणून? मला माहीत नाही रे. त्याने मला कधी विचारू दिलं नाही.

कुठे निघालास? गाडीची किल्ली टेबलावरच राहिली तुझी. असू दे, असू दे तिथेच. सकाळी साधे टायर घालू, मी येतो बरोबर.

उठलाच आहेस तर ते कपाट उघड. वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. जपून. हात लावू नकोस खडूला, नुसती मेणबत्ती जवळ धर. तीन बाण बघ, साधे, बापाच्या हातचे. आणि आता पुढचा डावा गोल बघ.

बाण पुढे आहे. शेपटीला गळासारखा आकडा आहे. बाकीच्या तिन्हींसारखा कोरडा खडू नाही तो, नीट बघ, वाळल्यावर कडा फुगल्यात त्याच्या. ओल्या हाताने काढलाय.